सल्ला आणि सर्जन : सारा ऑर्न ज्यूएट यांचे पत्र व विला कॅथर यांच्या कादंबरीलेखनाचा आरंभ

प्रस्तावना

कथा-कादंबरी लिहावी असे वाटणे आणि प्रत्यक्ष लिहावयास बसणे या दोहोंत पुष्कळदा वर्षानुवर्षांचे अंतर पडते. हे अंतर ओलांडण्यासाठी नवोदित लेखक एखाद्या ज्येष्ठ लेखकाकडे वळतो, त्याचा सल्ला घेतो आणि त्यातूनच आपल्याला प्रेरणा मिळाली असे पुढे कृतज्ञतेने नमूद करतो. साहित्यिकांच्या आत्मचरित्रांत व प्रस्तावनांत अशा ऋणनिर्देशांची वाण नाही. मात्र ज्येष्ठाच्या सल्ल्यामुळे लेखकाच्या बाबतीत नेमके काय घडते, हा प्रश्न बहुधा कृतज्ञतेच्या सुरात हरवून जातो.

मराठीत कथालेखनाच्या मार्गदर्शनाचा विषय निघाला की ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ललितलेखनाला तंत्र असते व ते अभ्यासाने आत्मसात करता येते, ही त्या ग्रंथामागील भूमिका होय. परंतु तंत्राच्या सल्ल्याहून वेगळा असा एक सल्ला असतो. कथानक कसे रचावे हे तो सांगत नाही. लेखकाने आपले आयुष्य कसे आखावे, कोणत्या भूमीवर उभे राहून लिहावे, हे सांगतो. अशा सल्ल्याचे अमेरिकन साहित्यातील एक महत्त्वाचे उदाहरण म्हणजे ज्येष्ठ कथालेखिका सारा ऑर्न ज्यूएट (१८४९-१९०९) यांनी १३ डिसेंबर १९०८ रोजी विला कॅथर (१८७३-१९४७) यांना लिहिलेले पत्र.

या पत्राने कॅथर कादंबरीकार झाल्या, असे सर्रास मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. पत्राने कॅथर यांच्या ठायी प्रेरणा निर्माण झाली असे पुराव्यावरून म्हणता येत नाही. प्रेरणेच्या वाटेतील अडथळ्याला पत्राने नाव दिले. आणि त्या सल्ल्याचा पुरता अर्थ कॅथर यांना एक चुकलेली कादंबरी लिहून झाल्यावरच उमगला, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. दोन लेखिका : दोन परिस्थिती

फेब्रुवारी १९०८ मध्ये बोस्टन येथील १४८, चार्ल्स स्ट्रीट या घरी कॅथर व ज्यूएट यांची पहिली भेट झाली. हे घर दिवंगत प्रकाशक जेम्स फील्ड्स यांच्या पत्नी ॲनी फील्ड्स यांचे होते. एकोणिसाव्या शतकातील अनेक थोर साहित्यिकांची तेथे ऊठबस असे. ज्यूएट यांचे वास्तव्य वर्षातील बराच काळ या घरी व उरलेला काळ मेन राज्यातील साउथ बर्विक या आपल्या जन्मगावी असे.

ज्यूएट यांचे वडील डॉक्टर होते. ते रुग्णांना पाहण्यासाठी परिसरातील वाड्यावस्त्यांवर जात, तेव्हा मुलीला सोबत नेत. पाहिलेले जसेच्या तसे सांगावे, हा लेखनाविषयीचा पहिला सल्ला त्यांना वडिलांकडूनच मिळाला. ‘डीपहेवन’ (१८७७) व ‘द कंट्री ऑफ द पॉइंटेड फर्स’ (१८९६) या पुस्तकांतून त्यांनी मेनच्या किनाऱ्यावरील ओसरत्या वैभवाची गावे व तेथील वयस्क स्त्रिया यांचे चित्रण केले. ३ सप्टेंबर १९०२ रोजी, आपल्या ५३व्या वाढदिवशी, त्या घोडागाडीतून फेकल्या गेल्या. या अपघाताने त्यांचे कथालेखन जवळजवळ संपुष्टात आले. कॅथर यांना सल्ला देणारी लेखिका स्वतः लिहू शकत नव्हती, ही बाब पत्र वाचताना ध्यानात ठेवावी लागते. त्यातील काळजीला व निकडीला या परिस्थितीची पार्श्वभूमी आहे.

कॅथर यांची परिस्थिती निराळी होती. व्हर्जिनियात जन्मलेली ही मुलगी वयाच्या नवव्या वर्षी, १८८३ मध्ये, कुटुंबासह नेब्रास्काच्या माळरानावर आली. स्वीडन, बोहेमिया, नॉर्वे, जर्मनी अशा देशांतून आलेली शेतकरी कुटुंबे तेथे नवी जमीन लागवडीखाली आणत होती. विद्यापीठीय शिक्षणानंतर कॅथर पिट्सबर्गला गेल्या. तेथे त्यांनी प्रथम पत्रकारिता व पुढे १९०१ ते १९०६ या काळात शाळेत अध्यापन केले. ‘एप्रिल ट्वायलाइट्स’ (१९०३) हा कवितासंग्रह व ‘द ट्रोल गार्डन’ (१९०५) हा कथासंग्रह या शाळेतील नोकरीच्या काळातच प्रसिद्ध झाला. १९०६ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या ‘मॅक्‌क्लुअर्स’ या गाजलेल्या मासिकात रुजू झाल्या व १९०८ मध्ये तेथील व्यवस्थापकीय संपादक झाल्या. दुसऱ्यांचे लेख मिळविणे, तपासणे, प्रसंगी नव्याने लिहून काढणे यांत त्यांचा दिवस जाई. पगार चांगला होता व प्रतिष्ठाही होती. मात्र ‘द ट्रोल गार्डन’नंतरच्या तीन वर्षांत त्यांच्या लेखनाची वाढ थांबली होती.

२. पत्रातील सल्ल्याचे स्वरूप

कॅथर यांना ३५ वर्षे पूर्ण झाली, त्यानंतर सहा दिवसांनी ज्यूएट यांनी हे पत्र लिहिले. त्याचे चार भाग पाडता येतात.

पहिला भाग निदानाचा आहे. मासिकाचे काम इतक्या नेटाने करीत असता कॅथर यांचे लेखनगुण परिपक्व होणे शक्य नाही, असे ज्यूएट स्पष्टपणे सांगतात. त्यासाठी त्या कॅथर यांच्याच ‘द स्कल्प्टर्स फ्युनरल’ या जुन्या कथेचा दाखला देतात. त्या कथेत दिसलेली झेप नंतरच्या लेखनात दिसत नाही, हा त्यांचा आक्षेप आहे. लेखिकेला तिच्याच उत्तम कृतीने मोजण्याची ही पद्धत सौम्य वाटली तरी तिच्यातून सुटका नाही.

दुसऱ्या भागात साधनसामग्रीची मोजदाद आहे. नेब्रास्कातील जीवन, व्हर्जिनियातील बालपण आणि वृत्तपत्र-मासिकांच्या कचेऱ्यांतील जग असे तीन अनुभवप्रदेश कॅथर यांच्यापाशी आहेत, हे ज्यूएट दाखवून देतात. परंतु त्या प्रत्येकाच्या मध्यभागी उभ्या असल्यामुळे कॅथर यांना ते प्रदेश बाहेरून नीट दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. सामग्री आहे, अंतर नाही, असा या निदानाचा मथितार्थ सांगता येईल.

तिसरा भाग इशाऱ्याचा आहे. आपली शक्ती राखली नाही आणि तिला पक्व होऊ दिले नाही, तर मर्मदृष्टीच्या जागी केवळ निरीक्षण उरेल, भावनेच्या जागी भावविवशता येईल, असे ज्यूएट बजावतात. चौथ्या भागात उपाय आहे. जीवनाचे एक शांत केंद्र शोधावे व तेथून लिहावे; कचेरीतील चतुर सहकाऱ्यांना आपला वाचक मानू नये. लेखकाला एकांत अटळ आहे, आणि तरीही त्याची दृष्टी जगभर पोचणारी हवी, हा विरोधाभास त्या मोकळेपणाने मांडतात.

कथा कशी लिहावी याविषयी या पत्रात जवळजवळ काहीच नाही. त्यात कथानकरचनेची सूचना नाही की भाषेविषयीचा नियम नाही. जे आहे ते लेखिकेच्या दिनक्रमाविषयी, नोकरीविषयी व तिच्या मनातील वाचकाविषयी आहे. कॅथर यांना तंत्र ठाऊक होतेच. दुसऱ्यांच्या मजकुरावर ते त्या रोज वापरीत होत्या. त्यांची अडचण तंत्राबाहेरची आहे हे ओळखणे, हे ज्यूएट यांच्या सल्ल्याचे खरे मोल होय.

३. कॅथर यांचे उत्तर

ज्यूएट यांची पत्रे ॲनी फील्ड्स यांनी १९११ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. त्यात हे पत्र समाविष्ट होते. कॅथर यांनी मात्र आपली पत्रे प्रसिद्ध करण्यास मृत्युपत्राद्वारे मनाई केली होती. त्यामुळे त्यांचे उत्तर संशोधकांना संग्रहालयात वाचता येत असले तरी शब्दशः उद्धृत करता येत नव्हते. अँड्र्यू ज्यूएल व जॅनिस स्टाउट यांनी संपादित केलेली निवडक पत्रे २०१३ मध्ये प्रकाशित झाली, तेव्हा हा संवाद सर्वसामान्य वाचकासमोर दोन्ही बाजूंनी आला. तोवर सुमारे शंभर वर्षे या प्रसंगाची एकच बाजू छापील स्वरूपात उपलब्ध होती. ‘सल्ला मिळाला आणि लेखिका घडली’ या सोप्या आख्यायिकेला त्यामुळे बळ मिळाले असावे.

डिसेंबर १९०८ मधील कॅथर यांच्या उत्तरात नवी उमेद दिसत नाही. दिसतो तो थकवा व आत्मविश्वासाचा अभाव. इतकी वर्षे लिहूनही प्रत्येक नव्या कथेपुढे आपण अगदी नवख्या व असहाय असतो, असे त्या कळवितात. आपल्याला कथाकार म्हणून फारसे भवितव्य नाही, उत्तम संपादक मात्र होता येईल, असे मासिकाचे मालक एस. एस. मॅक्‌क्लुअर यांचे मत असल्याचेही त्या सांगतात. हे मत त्यांना पटत नव्हते, तथापि ते निखालस खोडून काढण्याइतका विश्वासही त्यांच्यापाशी नव्हता.

या उत्तरावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. ज्यूएट यांनी जे निदान केले ते कॅथर यांना आधीच जाणवत होते. पत्राने त्या जाणिवेला स्पष्ट शब्द मिळाले. दुसरे असे की, त्या वेळी कॅथर यांच्यासमोर परस्परविरोधी असे दोन सल्ले होते. एक पगार देणाऱ्या मालकाचा व दुसरा आदरणीय लेखिकेचा. नवोदित लेखकाला सल्ल्यांची उणीव क्वचितच असते. कोणाचा सल्ला खरा मानावा, हाच त्याचा प्रश्न असतो.

४. सल्ल्यानंतरची चूक

ज्यूएट २४ जून १९०९ रोजी निवर्तल्या. दोघींचा स्नेह जेमतेम सोळा महिन्यांचा ठरला. सल्ला मिळाल्यावर कॅथर यांनी नोकरी सोडली असे घडले नाही. पुढे जवळजवळ तीन वर्षे त्या मासिकातच होत्या. १९११च्या शरदात रजा घेऊन आपली स्नेही इझाबेल मॅक्लंग हिच्यासह त्या न्यूयॉर्क राज्यातील चेरी व्हॅली या गावी जाऊन राहिल्या. ज्यूएट यांनी सांगितलेले शांत स्थान त्यांना असे उशिराने व तात्पुरते लाभले.

१९१२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अलेक्झांडर्स ब्रिज’ ही त्यांची पहिली कादंबरी सल्ल्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. तिचा नायक बार्टली अलेक्झांडर हा पूल बांधणारा अभियंता बोस्टनमधील पत्नी व लंडनमधील अभिनेत्री यांच्यात दुभंगलेला आहे. शेवटी त्याचा पूल कोसळतो व त्यातच त्याचा अंत होतो. १९०७ मधील क्वेबेक पुलाच्या दुर्घटनेचा आधार या कथानकाला आहे. रचना नेटकी आहे. हेन्री जेम्स यांच्या वळणाची छाया तिच्यावर स्पष्ट दिसते. परंतु ज्यूएट यांनी मोजून दाखविलेल्या तीन अनुभवप्रदेशांपैकी एकही या कादंबरीच्या केंद्रस्थानी नाही. दिवाणखान्यांतील सुसंस्कृत संभाषणाचे हे जग मासिकाच्या चोखंदळ वाचकाला रुचणारे होते, आणि कादंबरी प्रथम त्याच मासिकातून क्रमशः आली. मनातील वाचक बदलावा हा सल्ल्याचा गाभा होता. तो कॅथर यांच्या लेखनात अजून उतरला नव्हता.

तरीही ही चूक व्यर्थ गेली असे म्हणता येत नाही. त्याच काळात चेरी व्हॅलीत नेब्रास्काच्या भूमीवरील लेखन हाती घेतलेले होते. १९१२च्या वसंतात त्या भावाकडे ॲरिझोनाला गेल्या. नैर्ऋत्येकडील त्या रुक्ष व विस्तीर्ण प्रदेशात काही आठवडे घालविल्यावर त्या नेब्रास्कात परतल्या व नंतर पिट्सबर्गला गेल्या. स्वतंत्रपणे सुचलेली दोन कथानके एकत्र येऊन ‘ओ पायोनियर्स!’ (१९१३) आकारास आली. तिची नायिका अलेक्झांड्रा बर्गसन ही स्वीडिश कुटुंबातील शेतकरी स्त्री आहे. पुरुषांनी हार मानलेली जमीन ती निगुतीने व चिकाटीने पिकाऊ करते. कादंबरी ज्यूएट यांच्या स्मृतीस अर्पण केलेली आहे.

पुढे १९३१ मधील एका लेखात कॅथर यांनी आपल्या ‘पहिल्या’ कादंबऱ्या दोन असल्याचे म्हटले व खरी पहिली कादंबरी म्हणून ‘ओ पायोनियर्स!’कडेच निर्देश केला. त्याआधी, १९२२ मध्ये, ‘अलेक्झांडर्स ब्रिज’च्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी ज्यूएट यांच्या दुसऱ्या एका बोलण्याची आठवण दिली आहे. कधीतरी आपल्या मुलखाविषयी लिहालच, तोवर जग पाहून घ्यावे, कारण जग कळल्याखेरीज आपले गाव कळत नाही, असा त्याचा आशय होता. हे विधान चुकलेल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत यावे, हे अर्थपूर्ण आहे. परक्या जगाविषयी लिहून पाहिल्यामुळेच नेब्रास्का ‘बाहेरून’ दिसू लागला, अशी कबुली त्यात अध्याहृत आहे. पत्रातील ‘अंतर’ या कल्पनेचा अर्थ असा चार-पाच वर्षांनी व चुकीच्या मार्गाने कळला.

५. स्वीकार आणि नकार

कॅथर यांनी ज्यूएट यांचे सर्वच म्हणणे मानले नाही. याच पत्राच्या काही दिवस आधीच्या एका पत्रात ज्यूएट यांनी ‘द गल्स रोड’ या कथेविषयी एक आक्षेप नोंदविला होता. प्रियकर पुरुषाच्या तोंडून निवेदन करणे हे स्त्रीलेखिकेच्या बाबतीत वेषांतरासारखे होते. त्याची गरज नाही, असे त्यांचे मत होते. कॅथर यांनी हा सल्ला बाजूला ठेवला. त्यांची सर्वाधिक वाचली जाणारी कादंबरी ‘माय ॲन्टोनिया’ (१९१८) जिम बर्डन या पुरुषाच्या निवेदनातून उलगडते. अँटोनियाविषयीची जिमची ओढ, त्याचे शहरात जाणे आणि वीस वर्षांनी परतणे यांतूनच कादंबरीला स्मृतीची खोली लाभते.

येथे एक भेद करता येतो. भूमी, एकांत व वाचक यांविषयीचा सल्ला कॅथर यांनी स्वीकारला. निवेदनासंबंधीचा, म्हणजे तंत्राच्या अंगाने जाणारा सल्ला त्यांनी नाकारला. ज्यूएट यांच्या साध्या, अल्पकथानक शैलीचेही त्यांनी अनुकरण केले नाही. १९२५ मध्ये ज्यूएट यांच्या निवडक कथांचे संपादन करून त्यांनी ऋण फेडले, मात्र आपली वाट निराळीच राखली. शिष्याने गुरूसारखे लिहिले नाही, यात या सल्ल्याचे यश आहे.

६. एक तुलना : अँडरसन व फॉकनर

हे निरीक्षण एकाच उदाहरणापुरते मर्यादित आहे काय, हे पाहण्यासाठी विल्यम फॉकनर यांचा विचार उपयुक्त ठरतो. १९२५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे त्यांना शेरवुड अँडरसन यांचा सहवास लाभला. फॉकनर यांची पहिली कादंबरी ‘सोल्जर्स पे’ (१९२६) अँडरसन यांच्या शिफारशीने प्रकाशित झाली. ती वाचावी लागणार नसेल तर शिफारस करतो, अशी अट त्यांनी घातल्याची गमतीदार आठवण फॉकनर यांनीच सांगितली आहे. मिसिसिपीतील आपल्या लहानशा मुलखावरच लिहावे, हा अँडरसन यांचा सल्लाही त्यांनी १९५३ मधील लेखात नमूद केला आहे. पण फॉकनर यांची दुसरी कादंबरी ‘मॉस्किटोज’ (१९२७) न्यू ऑर्लिन्सच्या कलावंत मंडळींविषयीच होती. ‘सार्टोरिस’ (१९२९) या तिसऱ्या कादंबरीत, जी त्यांनी अँडरसन यांना अर्पण केली, ते आपल्या भूमीकडे वळले. दरम्यान अँडरसन यांच्या शैलीचे विडंबन केल्याने दोघांत दुरावाही आला होता. सल्ला, चूक, दुरावा अथवा वियोग आणि मग उशिराचे आकलन हा क्रम येथेही आढळतो.

७. सल्ल्याच्या मर्यादा

या प्रसंगाकडे केवळ आदराने पाहणे पुरेसे नाही. ज्यूएट यांचे घराणे सधन होते. आजोबांनी जहाजांच्या व्यवसायात संपत्ती मिळविली होती. उपजीविकेसाठी नोकरी करण्याची वेळ ज्यूएट यांच्यावर आली नाही. नोकरीने लेखन कोमेजते हे त्यांचे निदान अचूक असले, तरी नोकरी सोडल्यावर भाडे कसे भरावे हा प्रश्न त्यांच्या अनुभवाबाहेरचा होता. कॅथर यांनी तीन वर्षे घेतली, यामागे भीरुतेइतकेच व्यवहाराचे भान असावे, असे म्हणण्यास जागा आहे. मासिकातून बाहेर पडल्यावरही त्यांनी मॅक्‌क्लुअर यांचे आत्मचरित्र त्यांच्यासाठी लिहून दिले. ते १९१४ मध्ये मॅक्‌क्लुअर यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. शांत केंद्राला आर्थिक पाया लागतो, हे व्हर्जिनिया वुल्फ यांनी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) मध्ये वर्षाला ५०० पौंड व स्वतंत्र खोली या शब्दांत स्पष्टपणे मांडले. कॅथर यांच्या बाबतीत ही खोली पिट्सबर्गच्या मॅक्लंग कुटुंबाच्या घरातील शिवणकामाच्या खोलीच्या रूपाने मिळाली होती. ज्यूएट यांच्या सल्ल्याइतकाच या खोलीचा निर्देश साहित्येतिहासात व्हावयास हवा.

दुसरी मर्यादा पुराव्याची आहे. ज्यांना सल्ला फळला त्यांचीच पत्रे जपली जातात. तसाच सल्ला मिळूनही ज्यांना नोकरी सोडता आली नाही, किंवा सोडूनही लिहिता आले नाही, त्यांची नोंद कोठेही राहत नाही. म्हणून अशा पत्रांवरून सर्वांसाठी नियम काढणे धोक्याचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ज्येष्ठ लेखकाचा सल्ला प्रेरणेचा उगम ठरतोच असे नाही. कॅथर यांच्या बाबतीत प्रेरणा व सामग्री आधीपासून होती. सल्ल्याने अडथळा कोणता हे स्पष्ट झाले.

२. सल्ला त्याच लेखकासाठी, त्याच्याच कृतीच्या वाचनातून आलेला असेल तर तो परिणामकारक ठरतो. ज्यूएट यांनी कॅथर यांची जुनी कथा लक्षपूर्वक वाचली होती, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आले.

३. सल्ल्याचे आकलन विलंबाने होते व त्यासाठी चुकण्याला वाव लागतो. ‘अलेक्झांडर्स ब्रिज’ वगळून ‘ओ पायोनियर्स!’पर्यंतचा मार्ग समजत नाही.

४. सल्ला अंशतः नाकारणे हाही त्याच्या सर्जक स्वीकाराचा भाग आहे.

५. वेळ, जागा व उपजीविका यांचा विचार न करता दिलेला सल्ला अपुरा राहतो.

अनेक विद्यापीठांच्या भाषा अभ्यासक्रमांत सर्जनशील लेखनाचा अंतर्भाव झालेला आहे. तेथे कथेचे घटक शिकविले जातात व त्यांवर प्रश्न विचारले जातात. ते आवश्यकही आहे. परंतु एखाद्या विद्यार्थिनीने वहीत लिहून आणलेली कथा लक्षपूर्वक वाचणे, तिच्यातील सर्वोत्तम परिच्छेदावर बोट ठेवणे आणि पुढचे लेखन त्या तोडीचे का उतरले नाही हे तिला आपुलकीने विचारणे, हे काम अध्यापकाखेरीज दुसरे कोणी करण्याची शक्यता कमी असते. त्याचे फळ सत्रअखेरीस दिसणार नाही, कदाचित अध्यापकाच्या हयातीतही दिसणार नाही. ‘ओ पायोनियर्स!’ प्रसिद्ध झाली तेव्हा ज्यूएट यांना जाऊन चार वर्षे लोटली होती.